भिंतीवरचा इंफाळचा रस्ता

नागपूर,
जून १९७२

प्रिय सिंधूताई,

पाकिटाची जाडी बघूनच तू म्हणशील, वसंताची सभा गाजलेली दिसते. सभा झाली खरी, पण चौकात नाही. आपल्याच घरात, मागाच्या खोलीत. श्रोते आई, मधुकरमामा आणि माझी लेक शामला. शामलाची आई चुलीपाशी बसून ऐकत होती, पण ती पहिल्यापासून लेकीच्या पक्षाची, तिला काय पटवायचं? प्रश्न एकच होता. नर्सिंगची परीक्षा पास झालेल्या शामलाने लष्कराच्या इस्पितळात जायचं की नाही. तिला बोलावणं आलं त्या दिवसापासून मामा रोज सकाळी चहाला हजर, आणि बशीत चहा ओतता ओतता तेच पालुपद: "एक पोट्टी गेली तेवढी पुरे नाही झाली काय गा, वसंता? आता दुसरीले बी धाडून राहिला?" ती पहिली पोट्टी म्हणजे तू. आणि शेवटचा शब्द आईचा, हे आपल्या घरात तुला ठाऊकच आहे. आई मात्र गप्प. होय म्हणेना, नाही म्हणेना. शामला दिवसेंदिवस वाळत चालली होती. निकाल काय लागला ते आत्ताच सांगत नाही. बोलणाऱ्या माणसाची खोड आहे, लोकांना थोडं तिष्ठत ठेवायचं.

आधी त्या खोलीतल्या भिंतीबद्दल लिहितो, कारण सगळं तिथून फिरलं. ती भिंत तू पाहिली आहेस, पण ती रंगली कशी ते तू पाहिलं नाहीस, तेव्हा तू त्या भिंतीवरच होतीस. तू त्रेचाळीस साली लष्करी इस्पितळात दाखल झालीस आणि इकडे गल्लीत बोलणी सुरू झाली. एका बाजूने मामा: सोजिरांच्या छावणीत पोरगी गेली, आता तिला कोण घरात घेणार! दुसऱ्या बाजूने माझेच सभेतले मित्र: इंग्रजाच्या युद्धात तुझी बहीण काय करते रे? मी तेव्हा विशीचा, दिवसा मागावर, संध्याकाळी वाचनालयात, मिळेल ते पुस्तक फस्त करणारा. मी दोघांनाही एकच सांगत होतो आणि आजही सांगतो. इंग्रज इथून गेलाच पाहिजे आणि हिटलर मातीत गेलाच पाहिजे. माणसाला दोन शत्रू असू शकतात. आणि जखमी माणूस कोणत्याच राजाचा नसतो, तो त्याला पाणी देणाऱ्याचा असतो. लोक म्हणायचे, दोन्ही कसं मागतोस? बघ ताई, दोन्ही मिळालं!

तर त्या भिंतीवर मी कोळशाने जग काढलं. शाळेच्या नकाशावरून, अंदाजाने. आफ्रिका जरा फुगली आणि इंग्लंड दाराच्या चौकटीत गेलं, पण गल्लीला तेवढं पुरे होतं. प्रत्येक आघाडीला एकेका रंगाचं सूत, मागावरून उरलेलं. रशियाचं लाल, इटलीचं हिरवं, जपानच्या समुद्रातलं पिवळं. बातमी आली की खिळे उपटायचे, सूत सरकवायचं आणि गल्लीला वाचून दाखवायचं. सकाळी रस्त्यावर ताण्याचं उभं सूत लांबवर पसरून त्याला कुंच्यांनी खळ लावायचं काम चालायचं तेव्हा माग बंद असायचे, आवाज नसायचा, तीच माझी सभेची वेळ. हातात कुंचे घेतलेली माणसं दोन्ही बाजूंनी उभी आणि मधे मी ओरडतोय. एवढ्या शिस्तीचे श्रोते मला पुढे कधी मिळाले नाहीत. ताणा सोडून जातील कुठे?

तुझं सूत वेगळं होतं. तू गेलीस तेव्हा आईच्या मागावर जांभळ्या काठाचं लुगडं होतं, त्यातलं. नागपूरहून कलकत्ता, तिथून दिमापूर, कोहिमा, इंफाळ. तू लिहिलं होतंस की आता पुढे इंफाळकडे जाणार, म्हणून आईने स्वतःच्या हाताने इंफाळला खिळा ठोकला. मग जपानी सैन्य आलं, रस्ता तुटला, तुझी पत्रं बंद झाली. इंफाळमधल्या बायांना विमानाने बाहेर काढलं असं कोणी म्हणे, काढलं नाही असं कोणी म्हणे. मी कात्री घेतली आणि कोहिमा-इंफाळमधलं सूत कापलं. आई किती दिवस माझ्याशी बोलली नाही. मला आजही वाटतं की कापलं ते बरोबरच केलं. रस्ता बंद असताना भिंतीवर तो चालू दाखवायचा, ही कसली आशा? पण आई रोज सकाळी त्या लोंबत्या टोकासमोर एकदा उभी राहायची, हे मी बघत होतो.

आणि मग चव्वेचाळीसच्या जूनमधला तो दिवस. बावीस तारीख. बातम्या आमच्यापर्यंत आल्या पुढच्या दोन-चार दिवसांत, थोड्या वर्तमानपत्रातून, थोड्या इतवारी बाजारात गुलाबचंदच्या कापडदुकानातल्या रेडिओवरून. मी त्या एकत्र मांडल्या. एकच दिवस, ताई! फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा चेरबुर्गच्या बंदरावर तुटून पडल्या होत्या. रशियात, जिथे बरोबर तीन वर्षांपूर्वी जर्मनांनी पाऊल टाकलं होतं, तिथे त्याच तारखेला रशियाच्या तोफांनी तोंड उघडलं होतं. इटलीत रोम मागे टाकून हिरवं सूत वर सरकत होतं, त्यात आपले पोरगेही होते. पलीकडे सायपानच्या बेटावर जपानी मागे रेटले जात होते. पृथ्वीच्या चारही बाजूंनी माणसं एकाच दिवशी पुढे निघाली होती. मी खळीच्या घमेल्याशेजारच्या ओट्यावर चढलो आणि असा बोललो, असा बोललो की पलीकडच्या गल्लीतली माणसं कुंचे टाकून धावत आली. मी म्हणालो, आज जुलमाच्या गळ्याभोवती चार बाजूंनी दोर पडला आहे, आणि जो दोर तिथे आवळतोय तोच उद्या इथल्या गोऱ्या साहेबाचंही आसन हलवणार आहे. टाळ्या! खळीने भरलेल्या हातांच्या टाळ्या, थपाथप.

टाळ्या थांबल्यावर आईचा आवाज आला. ताण्याच्या त्या टोकाशी ती उभी होती, कोपरापर्यंत खळ. "सारं जग फिरून आला गा, वसंता. माह्या पोरीचं सूत कुठी हाये?" मी पुन्हा कागद उलटसुलट केला. आतल्या पानावर, जाहिरातीच्या वर, चार ओळी होत्या. मी त्या ओलांडून गेलो होतो. कोहिमाकडून निघालेली फौज आणि इंफाळकडून निघालेली फौज रस्त्यावर एकमेकींना भेटली. इंफाळचा रस्ता मोकळा. तो दिवसही बावीस जून. मी त्या मोठ्याने वाचून दाखवल्या.

आईने हात धुतले. पदराला पुसून आत गेली. भिंतीशी गेली. कापलेलं सूत आखडतं, टोकं एकमेकांना पोचेनात. विणकराच्या बाईला त्यात काय अडचण? तिने मागावरून जांभळ्या सुताचा नवा तुकडा तोडला, बोटं जिभेला लावली आणि दोन्हीकडे दोन गाठी मारल्या, आपण तुटलेला धागा सांधतो तशाच. मग मागे वळून दारात जमलेल्या गल्लीकडे बघितलं आणि म्हणाली, "आता वाजवा टाळ्या." ताई, त्या दिवशी गल्लीत गूळ-फुटाणे वाटले. तुझ्याबद्दल कुजबुजणाऱ्या बायाच आईच्या तोंडात गूळ भरत होत्या. मामा तेवढे दारातून पुटपुटत गेले, "रस्ता खुलला तं पोट्टी वापस येईल असं थोडीच हाये!"

पुढची गंमत तुझीच. महिन्याने तुझं पत्र आलं. तू इंफाळला कधी गेलीच नव्हतीस! तुमची तुकडी दिमापूरलाच थांबवली होती आणि सगळा वेढा तू तिथल्या इस्पितळात काढला होतास, तुझी पत्रं कुठल्या थैलीत पडून राहिली देव जाणे. मी सूत कापलं ते तुझ्या पुढचं, आईने गाठी मारल्या त्याही तुझ्या पुढच्या. गल्ली हसून हसून लोळली. मामा म्हणाले, "पाहा बाप्पा! गूळ फुकट गेला." आई हसली नाही. मला म्हणाली, "वाच, पुढचं वाच." तू पुढे लिहिलं होतंस की रस्ता खुला झाला आणि गाड्याच गाड्या येऊ लागल्या, महिनोन्महिने तिकडे अडकलेले जखमी, पाठ टेकायला जागा नाही, उभ्याने जेवतो. आई म्हणाली, "पोरगी रस्त्यावर नोहती, पर रस्ता तं तिच्याचकडे जात होता नं? मंग माह्यी गाठ बरोबरच हाये."

त्यानंतर दर दिवाळीला भिंत सारवली, चुना दिला. युरोप गेला, आफ्रिका गेली. तेवढा दोन खिळ्यांमधला तुकडा आईने कोणाला पुसू दिला नाही. तू लढाईनंतर आलीस, मामांनी तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि तू तडक परत गेलीस. बाबा गेले तेव्हा आलीस, तेव्हा शामला रांगत होती. त्यानंतर पुण्याहून पत्रं येतात, पैसा-अडका हवा का विचारतेस, पण तू येत नाहीस. तो तुकडा कशाचा, हे मीही तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं, आईने तुझा विषय मनातून काढून टाकला.

आता परवाची सभा. मी तयारीने उभा होतो. डिसेंबरातला विजय होता हाताशी, आपल्या सैन्याने एक नवा देश उभा केला त्याला वर्षही झालं नाही. मी म्हणालो, मामा, ज्या पोरांच्या जिवावर आपण मिरवणुका काढल्या, गुलाल उधळला, त्यांच्या जखमा कोण बांधणार? दुसऱ्याच्या लेकी? मामा म्हणाले, "भाषण चौकात दे गा. घरात सांग, लोक काय म्हन्तील?" मी आणखी चढलो. मामा आणखी ठाण मांडून बसले. खरं सांगतो, माझ्या वक्तृत्वाचा त्या दिवशी काडीचाही उपयोग झाला नाही.

आई उठली. काठी टेकत भिंतीशी गेली. नखाने खिळे हलवले, एवढ्या वर्षांत सैल झालेच होते. तो जांभळा तुकडा दोन्ही गाठींसकट काढून घेतला आणि मामांसमोर धरला. "मधुकर, हे सूत पाह्य. सत्तावीस-अठ्ठावीस सालं झाली नाही का याले? कुठी सुटलं? तुह्या लोकाईनं काय म्हनलं ते कोनाले याद हाये? मले तं कोन्ती पोरगी गेली तेवढंच याद हाये, अन् काहून आली नाही तेबी." मामांच्या बशीतला चहा पार गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला आणि उठून निघून गेले. आम्हाला वाटलं, रुसले. दुपारी इतवारीतून हातगाडीवर एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले. एवढी मोठी की दारातून आडवी करावी लागली. शामलाची आई म्हणाली, "मामाजी, यात पोरगी झोपवाची हाये काय?" तर म्हणाले, "सोजिराचं सामान हाये ते, तुले काय समजते!" आणि खाली बसून पांढऱ्या रंगाने झाकणावर शामलाचं नाव स्वतः लिहिलं.

जिंकलो, ताई. तू त्रेचाळीस साली एकटीने सुरू केलेली लढाई या घरात परवा संपली.

आता या पाकिटावर तिकीट का नाही ते सांगतो. हे टपालाने आलेलं नाही. शामलाला पुण्याच्याच लष्करी इस्पितळात हजर व्हायचं आहे, आणि तुझा पत्ता मी तिला तोंडपाठ करवला आहे. जी मुलगी हे तुझ्या हातात देऊन दारात उभी आहे आणि तू वाचून होईपर्यंत काही बोलायचं नाही असं जिला मी बजावलं आहे, तीच ती. मान वर कर. तिच्या पायाशी मामांची ट्रंक असेल. ट्रंकेच्या कडीला आईने तेच जांभळं सूत बांधलं आहे. ते सोडू नकोस. दिवाळीला दोघी याल तेव्हा आईला ते पुन्हा भिंतीवर लावायचं आहे, आणि मामांनी तुझ्या हातचं पाणी प्यायचं कबूल केलं आहे, चहा असेल तर जास्त बरं म्हणाले. आधी तिला आत घे. उभी असेल बिचारी.

तुझाच धाकटा,
वसंत