वीस वर्षांचा घट्टा

ती. मामा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा आता कुरकुरत नसेल अशी आशा आहे. कुरकुरत असेल तर मामींचं ऐका आणि जिने चढू नका. आम्ही इकडे मजेत. अक्षर बघून दचकू नका. माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट बांधलेलं आहे, म्हणून मी खोलीत फेऱ्या मारत सांगतोय आणि तुमची भाचेसून लिहितेय. मधेच कंसात काही आढळलं तर ते तिचं समजा. (आढळेल.)

तर मामा, माझी गोलंदाजी सध्या ऐन बहरात आहे. इतके हंगाम संघाकडून खेळलो, पण चेंडू असा कधी वळला नव्हता. (वळत नाही. सगळे हंगाम मी स्टँडमध्ये बसून काढलेत.) येत्या शनिवारी अंतिम सामन्याचा संघ जाहीर होईल. लोक कुजबुजतात की हा आता थकला, तरण्या पोराला घ्या. यंदा वगळलं तर पुन्हा कुणी हाक मारणार नाही हे मलाही कळतं. पण मला काडीचीही काळजी नाही. (काल आमटीत मीठ नव्हतं. ह्यांनी दोनदा मागून घेतली.)

आता बोटाची हकीकत. फिरकी टाकणाऱ्याच्या बोटाला घट्टा हवा, हे तुम्हाला मी काय सांगणार! ‘घट्टा हीच आपली पदवी’ असं तुम्हीच म्हणायचात. चेंडूच्या शिवणीवर बोट घासून घासून ती पदवी मी वीस वर्षांत कमावली. आणि गेल्या आठवड्यात माझ्या मेहुणीने ब्युटी पार्लर काढलं. पहिल्या दिवशी दुपार झाली तरी गिऱ्हाईक म्हणून फिरकेना, बिचारी रडकुंडीला आली. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? मी बसतो! दोन्ही हात कोमट पाण्यात सोडले आणि काय सांगू मामा, अंतिम सामना जिंकूनही एवढं सुख मिळालं नसतं. जरा डोळा लागला. (घोरत होते.) उठलो तर मेहुणी कौतुकाने सांगतेय, ‘भावोजी, एक बोट अगदी दगड झालं होतं हो! खरवडून लोण्यासारखं करून दिलंय.’ (मी शेजारीच मासिक वाचत होते. मला वाटलं, नखं कापतेय.) मी तिला एका शब्दानेही दुखावलं नाही. सगळं घरी आल्यावर हिला ऐकवलं. (अजून ऐकतेय.)

दुसऱ्याच दिवशी उपांत्य सामना. पहिल्याच षटकात शिवणीने ते कोवळं कातडं फाडलं. चेंडू रक्ताने माखला, पण मी हटलो नाही. समोरचा फलंदाज माझा आवेश बघून पार गोंधळला. (त्याच गोंधळात तीन सिक्सर मारले. तिसरा चेंडू अजून सापडलेला नाही.) शेवटी अंपायरनेच मला बाहेर पाठवलं. मी बाहेर आलो तो ताठ मानेने. माझ्याविना संघ कसाबसा जिंकला.

डॉक्टर म्हणतात, आठवडाभर उजव्या हाताने चेंडूला शिवायचं नाही. मी अक्षरशः पाळतोय. (चेंडूला शिवत नाहीत. घट्टा परत यावा म्हणून पट्टी सोडून विटेवर बोट घासत होते. वीट मी लपवलीय.) असो. वशिला मला जन्मात चालला नाही. माझ्यासाठी माझा चेंडू बोलेल. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. निवड समितीचे अध्यक्ष सकाळी तुमच्याबरोबर फिरायला येतात असं कानावर आलं. सहज विचारलं. विषय निघालाच, तर बोट ठणठणीत आहे म्हणा.

आणखी ता. क. विषय नाही निघाला, तर काढा.

शेवटचा ता. क. हा माझा, म्हणून कंसाबाहेर लिहितेय. मामा, विषय काढू नका. अध्यक्षांचा फोन दुपारीच आला, मी घेतला. खेळपट्टी कोरडी आहे, अनुभवी फिरकीवाला हवा, ह्यांचं नाव पक्कं आहे, फक्त बोट भरलेलं पाहिजे. ह्यांना मी काही बोलले नाहीय. कळलं तर आत्ता पट्टी भिरकावून गच्चीत चेंडू टाकत सुटतील आणि हाताशी आलेला सामना घालवतील. म्हणून शनिवारपर्यंत तुम्हीही अभिनंदनाचा फोन करू नका, एवढं माझ्यासाठी करा. मला इतका आनंद झालाय की चेहरा लपवायला मी दुपारपासून कांदेच चिरत होते.

मी पत्ता लिहितेय असं समजून हे बाहेर पॅसेजमध्ये गेलेत. मोज्यांचा गोळा करून डाव्या हाताने भिंतीकडे टाकतायत. दारातून दिसतंय मला. गोळा जमिनीवर पडतो आणि थेट चपलांच्या स्टँडकडे वळतो. दर वेळी वळतो, मामा! हे मात्र ह्यांना शनिवारनंतरही सांगू नका.