मिशांना सोसेल अशी वाळू

डिचोली, ८ जुलै २०२४

चि. हर्षा हिस, अ. उ. आ.

टाकी तू दिलीस, पंप तू दिलास, कोरी जातीचे सहा मिशाळ मासेही तुझ्याच दुकानातले. माझी फक्त खडी, तीही फुकट. त्या फुकट खडीपायी आजवर दोन मासे गेले, आणि उरलेल्या चौघांच्या मिशांचे झिजून खुंट झाले आहेत.

खडी म्हणजे खाणीवरचं चाळलेलं खनिज. ट्रक विकला तेव्हा एक पोतं ठेवून घेतलं होतं. मुठीत खुळखुळवून नुसत्या आवाजावर ग्रेड सांगणारा माणूस मी. तीस वर्षं खनिजात काढल्यावर पुतणीला काय विचारायचं, म्हणून विचारलं नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझी काकी भिंतीकडे तोंड करून असायची. हे मासे तळ हुंगत फिरायला लागले, तेव्हा कुठे ती या कुशीवर वळली. काल तिने मला चार बोटं दाखवली. दोघे दगडामागे लपलेत, असं मी सांगितलं. तिला पटलं नाही. फोनवर बोललो तर तिला ऐकू जातं, म्हणून हे पत्र बसवाल्या संदीपकडे देतो. थकलो बाय. काय करू ते कळव.

लोभ आहेच, वाढला तर नको म्हणणार नाही.

तुझा काका
गोकुळदास

धारगळ, ९ जुलै

ती. काकांस, शि. सा. न.

टाकीत मासे सोडलेत की ट्रक भरायला काढलात? कोरी दिवसभर तळात तोंड खुपसून खातात. खनिजाचे कंगोरे त्यांना लागतात, शिवाय खाणं फटीत पडून कुजतं आणि त्या घाणीने मिशा सडतात. खडी आजच काढा. बारीक, गोल कणांची वाळू हवी, दोन बोटं थर. समुद्रावरची नको, शिंपल्यांचा चुना पाण्यात उतरतो. संदीपबरोबर तीन पुड्या पाठवते. चोळून बघा, टोचणार नाही ती घाला. पाणी स्वच्छ राहिलं तर मिशा परत येतात.

काकीला खरं सांगा. ती आजारी आहे, खुळी नाही.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

हर्षा

डिचोली, २१ जुलै

चि. हर्षा हिस, अ. उ. आ.

तिन्ही पुड्या तळव्यावर चोळल्या. तिन्ही मऊच लागल्या. स्टीअरिंग धरून धरून या हातांना आता काही टोचतच नाही, हे तेव्हा कळलं.

मग काकीला दोन मासे मेल्याचं सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने डावा हात पुढे केला. एकेक चिमूट गालावर चोळली. पहिली झटकली, दुसरीही झटकली. तिसरी मुठीतून सोडेचना.

तीच घातली. वाळू धुता धुता कंबर गेली माझी. चौघे डोळ्यांपर्यंत वाळूत शिरतात आणि कल्ल्यांतून ती उडवतात. काकी पाठीला उशी लावून बघत बसते. बसते गो, तासभर.

घरच्यांना नमस्कार, तुला आशीर्वाद आणि भांडायला कधीही ये.

गोकुळदास

ता. क. खनिजाची ग्रेड आवाजावरून कळत नाही. ती ठरवायची खाणीच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी. मी ट्रक रिकामा करायचो.