ज्योतिसेन नावाचा बोका

सोमवार, ५ फेब्रुवारी १९१२
उंदरांनी माझ्या संगीत नाटकाचा दुसरा अंक खाल्ला. सर्वोत्तम अंक! (पहिलाही सर्वोत्तमच, पण तो ट्रंकेत होता.) डोकं भडकलं. शेजारच्या इमामबीकडून तांबडा बोका आणला. आमची ही म्हणते, मांजराला नाव कसलं, मन्या म्हणायचं. गल्लीतले सगळे बोके मन्याच आहेत! या गावाला साहित्याची चाड नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी
नाव ठरलं. ज्योतिसेन. माझ्या नाटकाचा नायक. शूर, देखणा, जरा तापट. ऑफिसात हेडक्लार्क म्हणाला, जोतीराम, हे तर तुमच्याच नावावरून घेतलंय. गाढव आहे. निव्वळ योगायोग.
प्लॅन असा. ही दिवसभर बोक्याला हाका मारणार, नाव गल्लीच्या तोंडी बसणार. पुढच्या बुधवारी पेठ वडगावहून नाटक कंपनीचे मॅनेजर हंबीरराव वाचन ऐकायला येतील. त्यांनी पसंत केलं की नोकरीला रामराम. तोवर ज्योतिसेन कोल्हापुरात गाजलेला असेल. असली युक्ती सुचायला प्रतिभा लागते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
हिनं एकदाही नाव घेतलं नाही. जाब विचारला. तोंडाला पदर लावून म्हणाली, "तुमचं नाव हाय की त्यात. नवऱ्याचं नाव कसं घिऊ?" ही बाई जोतिबालासुद्धा 'डोंगरावरचा देव' म्हणते, हे मला ठाऊक होतं. म्हणून आधी लक्षात यायला हवं होतं, असं मुळीच नाही. चूक तिचीच. हुकूम सोडला, नाव घ्यायचंच. तर म्हणते, "दर बारीला उखाणा घिऊन बोलवू व्हय?" वर हसली! संतापून जेवलो नाही. (दोनच भाकऱ्या.)

शनिवार, १० फेब्रुवारी
ही आता बोक्याला 'अवो' म्हणते. मलाही 'अवो'च म्हणते. शिवाय अहोजाहो. "ते दूध पिऊन गेल्यात." "ते चुलीपाशी निजल्यात." असो. नायकाचा मान तरी राखते.
इमामबीला नावाची अडचण नाही, पण तिनं त्याचं 'जोत्या' केलं. सकाळी ओरडत होती, "जोत्या, मुडद्या, परत घरात शिरलास तर तंगडं मोडीन!" सारी पेठ लहानपणापासून मलाच जोत्या म्हणते. लोक आमच्या दाराकडे बघायला लागले. रस्त्यावर जाऊन बजावलं की ती बोक्याला बोलते आहे. कुणी विचारलं नव्हतं. आता सगळ्यांना माहीत झालं.
निश्चय: उद्यापासून बोका बांधून ठेवणे.

रविवार, ११ फेब्रुवारी
बांधला. मला ओरबाडून पळाला. उंदीर अजून एकही धरलेला नाही. मोठे कलावंत लहान कामं करत नाहीत, हे मी समजू शकतो.

बुधवार, १४ फेब्रुवारी
हंबीरराव आले. मी नाव सांगितलं, पान दिलं, नांदी सुरू केली. तेवढ्यात मागच्या दाराशी इमामबीचा आवाज. "तानाबाई, तुझ्या जोत्याला आवर! काल दुपारी मी एकटी बघून घरात शिरला. माझ्या हातरुणात जाऊन झोपला. हाकलाया गेले तर चावला मला!"
त्यावर आमच्या हिचा शांत आवाज. "माझं कुठं ऐकत्यात ते! सांगून दमले की."
हंबीररावांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तो बोका. ते म्हणाले, "व्हय, कळलं." पागोटं उचललं. दारात म्हणाले, "नाटक ऱ्हाऊ द्या, पावणं. आधी घर सांभाळा."
या संस्थानात कलेला भवितव्य नाही! इमामबीशी बोलणं बंद. हिच्याशी बंद. बोक्याशीही बंद.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
तिसरा अंक उंदरांनी खाल्ला. बोका शेजारीच निजला होता. त्याचं नाव काढून घेतलं. आजपासून मन्या. पण मन्या म्हटलं की मान वळवत नाही. 'अवो' म्हटलं की शेपटी वर करून धावतो.
संध्याकाळी हिनं मासळी केली होती. वास गल्लीभर. अबोला मोडायचा नव्हता, पण तिनं फारच गोड हाक मारली. "अवो, या की! गार व्हाया लागलंय." बाईमाणसाला पश्चात्ताप झाला तर मोठेपणानं घ्यावं, म्हणून उठलो. हातपाय धुऊन पाटावर बसलो. समोर ताट नव्हतं. ती चुलीपाशी बोक्याला माशाचं डोकं घालत होती.
म्हणाली, "तुमास्नी न्हाय, त्यास्नी बोलवत हुते. बसा, त्यांचं झालं की वाढते."
बसलो.