सिद्धम्माच्या दारावरून तीन वेळा

सेलू,
दि. १५ मे

मंगळवार, दि. १३ मे, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. अपराधाची वेळ आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे "कधी, कुठे, मला तर काही आठवत नाही" असं म्हणायला तुला जागा नको.

चि. सिद्धोधन यास आत्याचा सप्रेम जयभीम आणि (नाइलाजाने) आशीर्वाद. तू पुण्याला सुखरूप पोचल्याचं वहिनीकडून कळलं. खोकला कसा आहे? सोबत दिलेली कारळाची चटणी खातोस की मित्रांना वाटून मोकळा झालास? माझ्या प्रकृतीची चौकशी तू करशील असं गृहीत धरून कळवते की डावा गुडघा बरा आहे, उजवा गुडघा बरा आहे, फक्त माझी गावातली पत गेली आहे. ती तू माझ्या सायकलला बसवून दिलेल्या मागच्या चाकामुळे गेली.

"माझ्या" हा शब्द मी विचार करूनच लिहिला. कॉलेजात असताना तू हौसेनं घेतलेली ती बोकडाच्या शिंगांसारख्या हँडलची रेसची सायकल पाच वर्षं माझ्या व्हरांड्यात टाकून गेलास. तिला गंज चढू नये म्हणून या निवृत्त मुख्याध्यापिकेनं तिच्यावर टांग टाकली आणि रोज सकाळी सेलूभर फिरवली. (लोक हसले. मग सवय झाली.) गिअर अडतात आणि साखळी पडते एवढंच मी तुला बोलले होते. त्यावर तू म्हणालास, गिअर काढूनच टाकू, मागे एकच चक्र ठेवू, कटकट नको. इथपर्यंत ठीक होतं.

त्यानंतर एप्रिलभर तू फोनवरून माझं डोकं खाल्लंस. हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, कोणत्या रंगाचा? चंदेरी, मी सांगितलं. लाल हब या वयात मला शोभत नाही. चाकाच्या तारा बत्तीस की छत्तीस? छत्तीस, कारण जिंतूर रोडचे खड्डे मोजायला तू येत नाहीस. मग कळलं की नवा हब अरुंद आणि आपल्या सायकलचा मागचा, चाक धरणारा चिमटा रुंद, मधे दोन्ही बाजूंनी वायसर भरावे लागतील. वाग्दत्त वधू घरात मावेल की नाही याची एवढी चर्चा मी कुठल्या लग्नातही ऐकली नाही. शेवटी तू म्हणालास, दोन्ही बाजूंना चक्र बसणारा हब मिळतो. एका बाजूचं चक्र मोकळं, म्हणजे पाय थांबवले तरी सायकल आपली चालत राहते. दुसऱ्या बाजूचं घट्ट, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायांनी फिरलंच पाहिजे. मी कळवलं, हाच हब घे आणि मला मोकळी बाजू लाव. आणि बुद्धपौर्णिमेला आलास, चाक बसवलंस, घट्ट बाजू लावलीस, "दिसायला छान" म्हणून डावा ब्रेक काढलास आणि एक अक्षर न बोलता रात्रीच्या गाडीनं निघून गेलास.

आता नीट वाच. सिद्धम्मा माझी तीस वर्षांची मैत्रीण, बाजारपेठेतल्या अण्णाराव कापडवाल्यांची बायको. रोज सकाळी मी तिच्या कोपऱ्यावर पाय थांबवते, सायकल आपोआप तिच्या ओट्याला लागते, चहा होतो. तिच्या नातीचं, स्वप्नाचं, लग्न २९ तारखेला आहे. त्या पोरीला मी इंग्रजी शिकवलं. ती पाळण्यात होती तेव्हाच सिद्धम्मा म्हणाली होती, हिच्या लग्नाची पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी तुझ्या हातात. मंगळवारी ती न्हाऊन, ताटात पत्रिका घेऊन माझ्यासाठी दारात उभी होती.

मी कोपऱ्यावर पाय थांबवले. पायडलांनी माझे पाय धरले आणि गरागरा पुढे नेले. डावा हात आवळला तर तिथे हवा. (उजव्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या ब्रेकनं मुली तोंडावर पडतात हे कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिनांनी मनावर बिंबवलं होतं, त्यामुळे त्याला मी हात लावला नाही.) संकटात पाठ ताठ आणि चेहरा हसरा ठेवायचा, हीही सिस्टरांचीच शिकवण. म्हणजे सिद्धम्मानं काय पाहिलं? पत्रिका बघून, गोड हसून, ताठ मानेनं निघून गेलेली बाई.

स्टेशनापासून वळून आले तेव्हा खुलासा करावा म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "सिद्धम्मा, मला थांबता येत नाही." वाक्य शंभर टक्के खरं होतं. पण लग्नघराच्या दारावरून ते म्हणून बघ एकदा. तिसऱ्या फेरीला ताट आत गेलेलं होतं आणि ओट्यावर अण्णाराव मला निरखत उभे होते. पुढे कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकाशी सरकीच्या पेंडीची पोती होती, त्यांनी मला अडवलं, म्हणून मी आज पत्र लिहू शकते आहे.

संध्याकाळी पायी गेले. हब समजावला, ओट्यावर खडूनं चित्रही काढलं. सिद्धम्मा शांतपणे ऐकून म्हणाली, "पाय थांबिवले तरी चाक फिरतंय, हे शेंबड्या पोरालाबी ठाव हाय. अन् तुजं चाक तुजे पाय फिरवतंय म्हनतीस? मास्तरीण हायेस म्हनून कायबी पटवशील व्हय? त्या पोराकडून लिहून आण, मग बघू." चहा विचारला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

सबब, रविवार दि. २५ मे, दुपारी बारापूर्वी तुझा लेखी खुलासा माझ्या हाती पडला पाहिजे. स्वतःच्या अक्षरात, मराठीत, चाकाच्या आकृतीसह, आणि आत्याचा यात काडीचाही दोष नाही हे वाक्य अधोरेखित करून. मोबाइलवरचा अंगठा चालणार नाही.

तुझी (अजून तरी) आत्या,
सत्यशीला

ता. क. चाक उलटं करून मोकळी बाजू लावायला ये असं मी म्हटलेलं नाही. कालपासून पहाटे जिनिंगच्या रस्त्यावर सराव करते आहे. पाय जरा रोखून धरले की ही सायकल मुकाट्यानं हळू होते, जे माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं केलं नाही. घट्ट बाजूच राहू दे. डावा ब्रेक तेवढा परत दे.

ता. क. दुसरा, दि. १६. पत्र टाकायला निघाले तर सिद्धम्माच दारात. पुरावा दाखव म्हणाली. मी सायकलचं मागचं टोक उचलून धरलं, तिनं हातानं चाक फिरवलं, पायडल फिरलं. पुन्हा फिरवलं. बराच वेळ फिरवत बसली, माझे हात भरून आले. मग "खरंच की गं" म्हणाली आणि पिशवीतून पत्रिका काढली. तेव्हा खुलाशाची आता गरज उरलेली नाही.

ता. क. तिसरा. मुदत मात्र कायम आहे. पत्रिकेवर तुझंही नाव आहे, आणि खुलासा तू स्वतः घेऊन येतो आहेस असं मी सिद्धम्माला सांगून बसले आहे. पोस्टात टाकू नकोस. पौर्णिमेला दोन दिवस आलास, त्यातला दीड दिवस चाकापाशी उकिडवा होतास. मला नुसती तुझी पाठ दिसली. या खेपेला तोंड दाखव.