तेराव्या बाटलीबाबत

तीर्थरूप मामीस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच साष्टांग, गेला महिनाभर मी प्रयोगशाळेच्या फरशीवर पालथा पडून काचेचे तुकडेच वेचतो आहे.) तुझा गुडघा कसा आहे? मामांचा कान तपासून आणलास का, की अजून त्यांच्या सोयीचं तेवढंच त्यांना ऐकू येतं? मी ठीक आहे. वजन दोन किलोंनी उतरलं, त्याचं कारण पुढे येतंच आहे.

तू दर वेळी विचारतेस, चार वर्षं नेमकं करतोस तरी काय? तर मी भट्टीशिवाय काच करतो. वाळूच्याच जातीचा एक पातळ द्राव, त्यात पाणी, स्पिरिट, आम्लाचे चार थेंब आणि काच फार ताठ राहू नये म्हणून थोडं सेंद्रिय द्रव्य. हे मिश्रण बाटलीत निवांत ठेवलं की आधी खळीसारखं घट्ट होतं आणि मग सुकत सुकत त्याची चकती बनते. त्यात मी एक पांढरी पूड विरघळवतो. तिच्यामुळे ती चकती जांभळ्या दिव्याखाली लालभडक उजळते. ऐकायला सोपं आहे. पण सुकायला निदान तीन आठवडे लागतात, आणि जरा घाई केली की तडा. म्हणून बाटलीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणायचा, त्याला सुईने फक्त सात भोकं पाडायची आणि हाताची घडी घालून बसायचं. आपल्या घराण्यात असा बसलेला माणूस तू पाहिला आहेस का?

पहिल्या चार बाटल्यांना मी वीस भोकं पाडली. (सात भोकांनी तीन आठवडे, तर वीस भोकांनी एक, असं माझं त्रैराशिक.) चारही तडकल्या. पुढच्या चार आमच्याकडच्या रीतीला बळी पडल्या: येणारा-जाणारा प्रत्येक जण बाटली तिरकी करून "गोठलं का रे?" बघतो. मी "हात लावू नये" अशी पाटी लावली, तर तोवर ज्यांचं लक्ष नव्हतं तेही थांबून हात लावू लागले. उरलेल्या चार माझ्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत सुरक्षित ठेवल्या. सरांनी त्यांना ऊन मिळावं म्हणून प्रेमाने खिडकीत हलवल्या. बाराही बाटल्यांचे बारा वाजले.

परवा तपासणी समिती आली. एक तरी अखंड चकती दाखवा, नाहीतर मुदतवाढ नाही. मुदतवाढ नाही म्हणजे पदवी नाही, म्हणजे मी बाबांच्या दुकानात खिळे विकणार. (खिळ्यांबद्दल तक्रार नाही, ते तडकत तरी नाहीत.) मी फार घाबरलो होतो, मामी. शेवटी बॅगेत पडून राहिलेली तेरावी बाटली काढली आणि तडा बघायच्या तयारीनेच उलटी केली, तर चकती अलगद हातात आली. कोटाच्या गुंडीएवढी, पाण्यासारखी स्वच्छ, एक ओरखडा नाही. दिव्याखाली अशी लाल उजळली की समितीतल्या सर्वांत कडक बाईंनी चष्मा काढून पुसला. मला रडू आलं; सगळ्यांनी ते विज्ञानप्रेम समजलं.

मुदतवाढ मिळाली, पण अट आहे: चार महिन्यांत तशाच आणखी तीन. ही वाळवली कशी, असं सरांनी विचारलं. नियंत्रित हवेत, एका विशेष व्यवस्थेत, असं मी सांगितलं आणि अहवालातही तेच लिहिलं. ते खोटं आहे असं वाटत नाही. पुरतं खरं आहे असंही वाटत नाही.

मामांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा भाचा

ता. क. तेरावी बाटली म्हणजे सुट्टीत मी तुला दाखवायला आणून तिथेच विसरलो होतो आणि तू दोन महिन्यांनी माझ्या स्वेटरात गुंडाळून पाठवलीस, ती. मामा फोनवर म्हणाले, चपलांच्या कपाटात होती. कुठल्या खणात? कोणत्या चपलांशेजारी? कपाटाचं दार दिवसातून कितीदा उघडतं? आणि खरं सांग, तू मध्ये कागद उचलून बघितलंस का? रागावणार नाही. फक्त किती वेळा ते कळव, मलाही तितक्याच वेळा उचलावा लागेल.

ता. ता. क. नव्या तीन बाटल्या घेऊन मी रविवारी येतो. सरही येताहेत, त्यांना ती विशेष व्यवस्था स्वतः बघायची आहे. कृपा करून कपाट आवरू नकोस, मामांचे ओले बूट आहेत तिथेच राहू देत. सरांचे बूट मात्र आत ठेवू नकोस. एक जोड वाढला तर हवा नियंत्रित राहणार नाही.