उन्हाळ्यातला माळ

आई, मी ऑफिसात दिवसभर काय करते ते तुला कधी नीट समजावता आलं नाही. उपग्रहाने वरून काढलेली चित्रं कॉम्प्युटरवर घेऊन मी नकाशे रंगवते. शेती कुठे, पाणी कुठे, झाडी कुठे. याला जीआयएस म्हणतात, आणि पर्यावरणाच्या अभ्यासाला ते लागतं. आठवडाभर माझ्यासमोर आपला मिरजगावकडचा माळ आहे आणि कॉम्प्युटर त्याला पडीक म्हणतोय. त्याचा तरी काय दोष? पावसाळ्यात वर ढग असतात, म्हणून आम्ही उन्हाळ्यातलं स्वच्छ चित्र घेतो, आणि वैशाखात तो माळ टकलाच असतो.

मला अजून दिसतं: मी लहान आहे, दिवाळीआधी तू तिथे गवत कापतेस. मी मागे भारे बांधते, गवत माझ्या कमरेच्या वर येतं. घरी आल्यावर तू मला उंबऱ्याबाहेरच अडवतेस. "कुसळं काढल्याबिगर आत येऊ नगंस. आंथरुणात गेली तर रातभर टोचत्याल." मी चिडते, रडकुंडीला येते, मग तूच खाली बसून माझ्या परकराची कुसळं वेचतेस. त्या गवतावर आपल्या म्हशी उन्हाळा काढायच्या. मध्यंतरी पाहणीला गेले तेव्हा बाया अजून कापत होत्या, पलीकडे मेंढरं होती, हरणंही दिसली. एक बाई म्हणाली, "माळ गेला तर जनावरं इकावी लागत्याल, ताई. दुसरं हाय काय?"

नकाशात पडीक लागलं की तिथे सोलरच्या प्लेटा बसणार, कुंपण पडणार. पाऊस संपल्यावरचं चित्र घेऊ, असं साहेबांना किती वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यासाठी सगळा तालुका पुन्हा करावा लागेल आणि तेवढा वेळ कुणाकडेच नाही. आज ते म्हणाले, "मॅडम, नकाशा कधीचाच जायला हवा होता. तुमचं गवत पुढच्या वेळी बघू. सही करा." मी नाही म्हणाले. माळावर 'गवताळ' लिहिलेला नकाशा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घरी निघून आले.

बरं वाटायला हवं होतं ना? वाटत नाही. नुसता कंटाळा आलाय गं, भांडायचा, समजावायचा. तू आता नाहीस, हे तुला पोचणार नाही, म्हणून लिहिते: उद्या साहेब पुन्हा तोच कागद पुढे करतील, आणि मला वाटतं, मी सही करेन.