नेम माझा, फुंकर तिची

रविवार, १३ ऑक्टोबर १९६८, सेंत-एतियेन
बाण चकतीपर्यंत पोचलाच नाही! आठ मीटर फक्त — आणि मध्येच जमिनीवर. त्रेचाळीस वर्षं फुंकनळी तोंडाला लावून बाण मारतोय, असं कधी झालं नव्हतं. मंडळातला पेत्रुस म्हणाला, "आंतेल्म, मेणबत्ती तरी विझते का रे तुझ्याच्यानं?" लेकाचा जन्मभर रिबिनी विणत बसला, त्याच्या छातीत कोळसा कुठून जाणार! माझ्या छातीत अख्खी खाण आहे.

बुधवार, १६ ऑक्टोबर
आमच्या फुंकनळी मंडळाची स्पर्धा दोनदा जिंकून राजा झालो. तिसऱ्यांदा जिंकलं की सम्राट, मंडळ जमतं त्या कॅफेच्या भिंतीवर नावाची पाटी. आजवर एकच पाटी आहे — बाबांची. यंदाची स्पर्धा १० नोव्हेंबरला. पुढच्या वर्षी मी असेन का, कुणास ठाऊक.

काय रविवार असायचे ते! खाणीतले, मागावरचे, सगळे कॅफेमागच्या त्या लांब खोलीत. बटाट्याची गरम धिरडी, लाल वाइन, आणि बाबांचं ओरडणं — "पोटातून फुंक, गाढवा!" आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या. फार आठवण येते त्या गोंगाटाची.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
बायकोसमोर रडलो. या वयात! बेनुआत म्हणाली, "तू नळी धर, नेम धर. फुंकते मी." वेडीच आहे! बायकांनी त्या खोलीत आजवर फक्त ताटल्या आणल्यात.

तरी सरावाला घरातल्या बोळाच्या दारावर चकती ठोकली.

रविवार, २७ ऑक्टोबर
बेनुआतनं फुंकलं तर चालेल का, विचारलं. मंडळाच्या अध्यक्षांनी नियमांची वही दोनदा चाळली. "नळी सभासदानं धरावी, एवढंच आहे. फुंकायचं कोणी, ते नाही लिहिलेलं."

पेत्रुस म्हणाला, "काय रे, छाती भाड्यानं आणलीस?"

"भाड्याची नाही, घरची आहे!" — बेनुआत.

खोली हसून हसून लोळली. परवानगी मिळाली!

रविवार, १० नोव्हेंबर
सम्राट!! शेवटचा बाण थेट मधोमध. काळीज असं धडधडत होतं की तो क्षण आठवतच नाही. पेत्रुसनं मिठी मारली — "फुंकर कुणाची का असेना, नेम आंतेल्मचाच!" बाबांच्या पाटीशेजारी चार स्क्रूंनी माझी पाटी लागली. आज ते हवे होते.

शनिवार, १६ नोव्हेंबर
स्पर्धेचे फोटो आले. शेवटच्या बाणाचा पाहिला. माझे डोळे गच्च मिटलेले! बेनुआतची नजर चकतीवर, तिचं बोट नळीखाली, नळी सावरत.

विचारलं तिला. "मी फुंकायला लागले की तू डोळे मिटतोस. पहिल्या दिवसापासून."

स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कॅफेत चाललोय.